घराच्या हिरवळीची तुषार-यंत्रणा : फेब्रुवारी ते जून २०२५ मधील दुरुस्तीच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

आमचे घर नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या बाजूला आहे. घरासमोरची हिरवळ १४.४ मीटर लांब व ७.२ मीटर रुंद, म्हणजे सुमारे १०४ चौरस मीटर आहे. जमीन काळी आणि चिकण असून गवत बर्म्युडा जातीचे, म्हणजे आपल्या हरळीचेच बारीक पानांचे भावंड आहे. सहा वर्षांपूर्वी येथे पॉप-अप, म्हणजे पाणी सुटले की जमिनीतून वर येणारे, स्प्रिंकलर बसवून घेतले. पाच-पाचच्या तीन ओळींत एकूण १५ स्प्रिंकलर असून त्यांचे दोन झोन, म्हणजे वेगवेगळ्या व्हॉल्व्हवर चालणारे गट, केलेले आहेत; तिसऱ्या झोनवर कुंपणालगतच्या जास्वंदी आणि मोगऱ्यासाठी ठिबकची नळी आहे. जमिनीखालच्या टाकीतून १ अश्वशक्तीचा पंप पाणी उचलतो. त्या टाकीत महापालिकेचे पाणी येते आणि कमी पडले की बोअरचे सोडावे लागते. बोअरचे पाणी इतके जड आहे की बादलीच्या कडेवर महिन्याभरात पांढरा थर धरतो.

डिसेंबरपासून ईशान्य कोपऱ्यातील गवत पिवळे पडू लागले. थंडीत हरळी मरगळतेच, त्यामुळे मी आधी दुर्लक्ष केले. जानेवारीत डाग वाढले तेव्हा टायमरवरील वेळ प्रत्येक झोनला १० मिनिटांवरून १८ मिनिटे केली. तीन आठवड्यांनी कोपरा होता तसाच पिवळा राहिला, फाटकाजवळ मात्र चिखल झाला आणि टाकी दोन दिवसांऐवजी दिवसातच तळाला जाऊ लागली. एका कंत्राटदाराने पाहणी करून संपूर्ण यंत्रणा बदलण्याचे ४५,००० रुपये सांगितले. नेमके काय बिघडले आहे, हे मात्र त्याला सांगता आले नाही. म्हणून आजपासून प्रत्येक भाग स्वतः उघडून पाहायचा आणि नोंद ठेवायची असे ठरवले आहे. असेच काम हाती घेणाऱ्यांना माझ्या चुकांचा तरी उपयोग व्हावा.

९ फेब्रुवारी

सकाळी साडेसहाला प्रत्येक झोन पाच मिनिटे चालवून १५ ही स्प्रिंकलरपाशी क्रमाने उभी राहिले. सहा वर्षांत असे एकदाही पाहिले नव्हते, कारण यंत्रणा पहाटे चार वाजता चालत असे आणि आम्ही उठेपर्यंत गवत ओले दिसत असे.

दोन स्प्रिंकलर अर्धेच वर येत होते. चार तिरके झाले होते, त्यामुळे त्यांचे पाणी एका बाजूला जमिनीत घुसत होते आणि दुसऱ्या बाजूला हवेत उडत होते. ईशान्य कोपऱ्यातील नोझलमधून पंख्यासारखा फवारा पडायला हवा होता, तेथे बोटाएवढी एक धार पडत होती. तिरके चार स्प्रिंकलर थापीने माती मोकळी करून सरळ केले आणि भोवती माती दाबली. याला खर्च काहीच आला नाही, वेळ मात्र दोन तास गेला.

येथेच माझी पहिली मोठी चूक लक्षात आली. जानेवारीत मी चार नोझल बदलली होती. दुकानात मूळची १२ फुटी (१२ फुटांपर्यंत पाणी फेकणारी) मिळाली नाहीत म्हणून कोन बदलता येणारी १५ फुटी आणली आणि जास्त लांब फेकतात तर बरेच, असा विचार केला. मूळच्या संचात पाव वर्तुळाचे नोझल मिनिटाला सुमारे अडीच लिटर, अर्ध्याचे पाच आणि पूर्ण वर्तुळाचे दहा लिटर पाणी देते. क्षेत्र दुप्पट झाले की पाणीही दुप्पट होते, म्हणूनच एकाच वेळेत सगळीकडे सारखी ओल मिळते. १५ फुटी नोझल त्याच दाबाला अर्ध्या वर्तुळात सुमारे सात लिटर टाकते. म्हणजे मी चार ठिकाणी जास्त पाणी खेचले, त्यातले काही कुंपणाच्या भिंतीवर मारले आणि त्याच पाइपवरच्या उरलेल्या नोझलांचा दाब कमी केला. ते ४४० रुपये वाया गेले.

१६ फेब्रुवारी

आज डब्यांची चाचणी केली. हिरवळीवर सारख्या अंतराने वीस डबे ठेवायचे, प्रत्येक झोन दहा मिनिटे चालवायचा आणि कोणत्या डब्यात किती पाणी साठले ते मोजायचे.

घरात श्रीखंडाचे रिकामे डबे होते. पहिल्या फेरीत पाण्याची उंची मी पट्टीने मोजली आणि सगळी सकाळ फुकट घालवली, कारण हे डबे तळाशी निमुळते असतात. वर पडणारे पाणी रुंद तोंडातून येते आणि अरुंद तळाशी साठते, त्यामुळे पट्टीवर पाऊस प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. दुसऱ्या फेरीत पाणी औषधाच्या मोजपात्राने मिलिलिटरमध्ये मोजले. डब्याच्या तोंडाचा व्यास १० सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर. त्यामुळे जवळजवळ ८ मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. हा हिशेब एकदा वहीत लिहून ठेवला की कोणताही डबा चालतो, फक्त सगळे एकाच मापाचे असावेत. वारा नसताना, म्हणजे सूर्योदयाच्या सुमारास चाचणी घ्यावी. साडेआठनंतर घेतलेली एक फेरी मला सोडून द्यावी लागली.

नोझलांच्या मूळ मापांवरून दहा मिनिटांत सुमारे साडेसात मिलिमीटर, म्हणजे डब्यात ५९ मिलिलिटर पाणी यायला हवे होते. प्रत्यक्षात वीस डब्यांची सरासरी ३४ मिलिलिटर आली. सर्वांत कमी भरलेल्या पाच डब्यांची सरासरी १४ होती. ईशान्य कोपऱ्यातल्या डब्याच्या तळाशी ६ मिलिलिटर पाणी होते, तर १५ फुटी नोझलजवळच्या डब्यात ७१.

कमी भरलेल्या पाव हिश्श्याची सरासरी भागिले एकूण सरासरी, म्हणजे वाटपाची समानता, काढली तर ४१ टक्के येते. हिरवळीवर हा आकडा निदान ७० च्या पुढे असावा. वेळ वाढवून कोपरा का हिरवा होत नव्हता, ते या आकड्याने स्पष्ट केले. कोपऱ्याला एक वाटी मिळावी म्हणून मी फाटकाजवळ बारा वाट्या ओतत होते.

वाटप विषम आहेच, पण एकूण पाणीही निम्म्याच्या आसपास येते आहे. त्यामुळे आता दाब तपासायचा.

२३ फेब्रुवारी

दाबमापके दोन आणली, ४८० रुपये. एक पंपाच्या लगेच पुढे आणि दुसरे फिल्टरच्या पुढे बसवले. झोन १ चालू केल्यावर पंपापाशी २.८ किलो आणि फिल्टरनंतर १.३ किलो दाब दिसला. (येथे किलो म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर, ठिबकवाले तसेच बोलतात.) दीड किलो दाब एकटा फिल्टर खात होता. या नोझलांना तोंडाशी सुमारे २.१ किलो दाब लागतो.

माझा धाकटा भाऊ दिंडोरी तालुक्यात द्राक्षे करतो. त्याला फोन केला तर सगळे ऐकून घेण्याआधीच तो म्हणाला, “ताई, तू आधी फिल्टर उघड. बागेत पाणी कमी पडलं की आम्ही पहिल्यांदा तिथेच जातो.” फिल्टर माळीकाका दर महिन्याला धुतात अशी माझी समजूत होती. माळीकाकांची समजूत, ते काम पंपवाल्याचे आहे.

झाकण हाताने निघाले नाही, पाना लावावा लागला. आत एकमेकींवर रचलेल्या प्लास्टिकच्या चकत्या असतात आणि त्यांच्या खाचांतून पाणी गाळले जाते. त्या चकत्या मूळच्या लाल. बाहेर आला तो करडा, घट्ट दंडगोल. बाहेरून शेवाळाचा चिकट थर, त्याखाली बारीक रेती आणि रेतीला धरून ठेवणारा क्षाराचा पांढरा पापुद्रा. चकत्या नखाने एकेक सुट्या कराव्या लागल्या. काही खाचांत क्षार इतका पक्का बसला होता की ब्रशने निघेना. किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणले आणि लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम विरघळवून चकत्या त्यात घातल्या. फेस आला, म्हणजे थर चुन्याचाच होता. दोन तासांनी ब्रश फिरवला तेव्हा लाल रंग दिसला. झाकणाखालची रबरी रिंग चिरली होती, ती ३० रुपयांना बदलली. लिंबूसत्त्वाचे १२० रुपये झाले. पुढच्या कामांनाही ते पुरले.

फिल्टर बसवल्यावर पंपापाशी २.७ आणि पुढे २.५ किलो दाब मिळाला. यापुढे दोन्ही मापकांतला फरक अर्ध्या किलोवर गेला की फिल्टर उघडायचा, हा नियम कागदावर लिहून पंपाच्या पेटीत चिकटवला आहे.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते, कारण तिचे परिणाम पुढे भोगावे लागले. चकत्या भिजत असताना उन्हे चढू लागली म्हणून मी रिकाम्या फिल्टरवरच दोन्ही झोन पाच-पाच मिनिटे चालवले. असे करू नये.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुट्टी होती. सोमेश्वरच्या महादेवाला जाणाऱ्यांमुळे रस्ता सकाळपासून भरलेला होता, त्यामुळे दुकानाचा विचार न करता घरच्या घरी मोजणी केली.

झोन १ चालू असताना पंपापाशी २.७ किलो दाब राहतो, झोन २ चालू केला की तो २ किलोवर उतरतो. दोन्ही झोनच्या नोझलांची पाण्याची मागणी जवळपास सारखी, प्रत्येकी मिनिटाला ३९ लिटर आहे. तरीही दाब उतरतो, त्या अर्थी झोन २ मध्ये पाणी दुसरीकडे कोठेतरी जात असले पाहिजे. किती, हे टाकीवरून काढता येते. आमची टाकी आतून अडीच मीटर लांब व दोन मीटर रुंद आहे, म्हणजे पाणी १ सेंटिमीटर उतरले की ५० लिटर गेले. नळाची आणि बोअरची आवक बंद केली, घराच्या वरच्या टाकीचा पंप बंद ठेवला आणि सरळ बांबूवर सेंटिमीटरच्या खुणा करून तो टाकीत उभा केला.

झोन १ दहा मिनिटे चालवल्यावर पाणी ७.६ सेंटिमीटर उतरले, म्हणजे ३८० लिटर. हे हिशेबाला धरून आहे. झोन २ दहा मिनिटे चालवल्यावर ११.८ सेंटिमीटर, म्हणजे ५९० लिटर. मिनिटाला वीस लिटरहून जास्त पाणी जमिनीखाली जात होते. जानेवारीत मी हा झोन रोज १८ मिनिटे चालवत होते.

जेथे पाण्याचा मीटर नसेल तेथे टाकीत उभा केलेला बांबू पुरेसा आहे. ही मोजणी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. तिला खर्च नाही आणि अर्ध्या तासात होते.

१ आणि २ मार्च

गळती शोधण्यात दोन दिवस गेले. झोन २ चालवला की दहा-बारा मिनिटांनी फाटकाजवळच्या कडेला पाणी वर येते, म्हणून तेथेच खोदले. एका मजुराला दिवसाचे ७०० रुपये देऊन हातभर खोल चर घेतला, तर पाइप अखंड. पाणी चरातून वाहत येताना दिसत होते, पण येत होते दुसरीकडून. पाइप पुरताना भोवती मुरूम टाकलेला आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चिकण माती. काळ्या मातीत पाणी शिरायला वेळ लागतो, मुरुमात ते नालीसारखे पळते. त्यामुळे गळती जेथे असते तेथे जमीन कोरडी राहू शकते आणि उताराच्या टोकाला, सर्वांत खोलगट जागी पाणी वर येते. दुसरा खड्डाही अंदाजाने घेतला व तोही चुकला.

तिसऱ्या वेळी वेगळे केले. झोन बंद करून पहिल्या चरातले पाणी उपसले, मग झोन फक्त एक मिनिट चालवला आणि चरात पाणी कोणत्या बाजूने येते ते पाहिले. त्या बाजूला दीड-दीड मीटरवर पहारेने भोके पाडून तेच पुन्हा केले. तिसऱ्या भोकात पाणी उसळून आले. तेथे खोदल्यावर ईशान्य कोपऱ्याच्या अलीकडच्या स्प्रिंकलरखाली गळती सापडली.

मुख्य पाइपच्या टीमधून (टी आकाराच्या जोडातून) स्प्रिंकलरपर्यंत कडक पीव्हीसीचा उभा तुकडा होता आणि तो आट्याच्या मुळाशी तुटला होता. तुटलेली कड नवी नव्हती. अर्ध्या भागावर क्षार जमला होता आणि उरलेला भाग स्वच्छ होता. म्हणजे तडा जुना असून हळूहळू वाढत गेला. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्याबरोबर स्प्रिंकलर वर्षातून दोनदा वरखाली होतो, खालचा पाइप मात्र जागचा हलत नाही. जो तुकडा दोघांना कडकपणे जोडतो तोच तुटणार. चार स्प्रिंकलर तिरके का झाले होते, याचेही कारण हेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी टी कापून नवी बसवली. पाइप, टी, दोन कपलर (पाइपची टोके जोडणारे तुकडे) आणि सोल्युशन (पाइप चिकटवायचा द्रव) मिळून २६० रुपये लागले. पाइपमधून थेंब-थेंब पाणी येत होते. ते मी फडक्याने पुसून सोल्युशन लावले, कपलर दाबला आणि वीस मिनिटांनी पाणी सोडून पाहिले. कपलर बंदुकीसारखा आवाज करून निघाला आणि चर पुन्हा चिखलाने भरला. चूक दुहेरी होती. जोडाची जागा पूर्ण कोरडी नव्हती आणि सोल्युशनला वेळ दिला नव्हता. डब्यावर काय लिहिले आहे ते मी तेव्हा वाचले नव्हते.

९ मार्च

आठवडाभर हिरवळीला रबरी नळीने पाणी दिले. आज काम नीट पूर्ण केले. कापलेल्या तोंडाखाली आणखी हातभर खोल खड्डा घेतला, त्यामुळे पाइपमधले पाणी खाली निथळून गेले. मग दोन तास तसेच सोडले. कडा करवतीनंतर पॉलिश पेपरने साफ केल्या, पाइपवर आणि कपलरच्या आत दोन्हीकडे सोल्युशन लावले, पाव फेरी फिरवत दाबून अर्धा मिनिट हातात धरून ठेवले आणि त्यानंतर पूर्ण २४ तास पाणी सोडले नाही. नव्या सामानाचे १४० रुपये झाले.

टी आणि स्प्रिंकलर यांच्यामध्ये या वेळी कडक तुकड्याऐवजी जाड, लवचीक नळीचा अर्धा मीटरचा तुकडा दोन एल्बो लावून बसवला (१९० रुपये). माती हलली तरी नळी वाकेल आणि टीवर ताण येणार नाही. पाइपभोवती वाळू भरून वर माती ओढली.

१० मार्चला संध्याकाळी बांबूवरची मोजणी पुन्हा केली. झोन २ चे उत्तर ७.७ सेंटिमीटर आले आणि पंपापाशी दाब २.७ वर स्थिर राहिला. ते पाहून मी टाकीच्या कट्ट्यावर बराच वेळ बसून राहिले.

१६ ते २५ मार्च

झोन १ चालू असताना झोन २ च्या खोलगट भागातील तीन स्प्रिंकलरमधून पाणी पाझरताना दिसले. झोन बंद झाल्यावर दोन-तीन मिनिटे पाझरून थांबणारे पाणी पाइपमध्ये उरलेले असते, त्याची काळजी नाही. येथे मात्र पंप चालू असेपर्यंत पाझर थांबत नव्हता, म्हणजे झोन २ चा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता.

सहा स्क्रू काढून व्हॉल्व्हचे झाकण उचलले. खालच्या रबरी पडद्याला एक बारीक छिद्र असते. त्यातून पाणी पडद्याच्या वर जाते आणि वरच्या बाजूला दाब साठला की पडदा खाली बसून पाणी अडते. छिद्राच्या तोंडाशी रेतीचा एक कण अडकला होता आणि आणखी काही कण पडदा जेथे टेकतो त्या कडेवर होते. २३ फेब्रुवारीला फिल्टर रिकामा ठेवून मी पंप चालवला होता, त्याचे हे फळ. कण काढून, पडदा स्वच्छ पाण्यात धुऊन बसवला. कडेवर थोडी चीर दिसली म्हणून नवा पडदा घ्यायचे ठरवले.

१९ तारखेला रंगपंचमी. रंगाचा खरा दिवस नाशिकमध्ये हाच. जुन्या गावात रहाडींवर, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदांवर, गर्दी असते आणि दुकाने बंद. दुसऱ्या दिवशी पंचवटीत मार्केट यार्डाच्या बाजूला ठिबक साहित्याच्या दुकानांत फिरले. द्राक्षबागेचे सगळे सामान तेथे आहे, फिल्टर आहेत, १६ मिलिमीटरच्या नळ्या आहेत. पण हिरवळीच्या व्हॉल्व्हचा पडदा कोणाकडेच नव्हता. ऑनलाइन मागवला, ३८० रुपये, सहा दिवसांनी आला. त्याच वेळी १२ फुटी नोझल पाच (४७५ रुपये) आणि अर्धवट वर येणाऱ्या दोन स्प्रिंकलरसाठी नवे नग (५२० रुपये) मागवले. हे भाग आधीच आणून घरात ठेवणे बरे, कारण बिघाड उन्हाळ्यात होतो आणि सहा दिवसांत गवत जळते.

ठिबकचा झोन ३ टायमरवर चालत नव्हता. मल्टिमीटरने पाहिले तर व्हॉल्व्हच्या कॉइलचा रोध २८ ओहम, म्हणजे ती ठीक. टायमरच्या टोकाकडून मोजले तर मात्र तार तुटलेली. व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये मुंग्यांनी आणलेल्या मातीखाली साध्या काळ्या टेपने केलेला जोड होता आणि तांबे हिरवे होऊन त्याचा भुगा झाला होता. सगळे सहा जोड आतून जेल भरलेल्या टोप्या घालून नव्याने केले, २१० रुपये.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारण्याआधी, पहाटे डबे मांडले. गेल्या चार दिवसांत सर्व नोझल काढून, आतल्या इवल्या जाळ्यांसह लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवून साफ केली होती आणि चारही १५ फुटी नोझल काढून टाकली होती.

आजची सरासरी ५५ मिलिलिटर, म्हणजे दहा मिनिटांत ७ मिलिमीटर. कमी भरलेल्या पाच डब्यांची सरासरी ४१, म्हणजे समानता ७५ टक्के. कोपऱ्यातल्या डब्यात ४४ मिलिलिटर. तोच डबा, तीच जागा.

६ एप्रिल

द्राक्षांची काढणी आटोपून खरड छाटणी सुरू होण्याआधी भाऊ आला. ठिबकच्या २४ मीटर नळीत निम्मे ड्रीपर क्षाराने बंद होते. नळी जमिनीवरच असल्याने ती उचलून, वेटोळे करून प्लास्टिकच्या ड्रममध्ये ठेवली आणि आम्लाच्या पातळ पाण्यात २४ तास बुडवली. सामू (पीएच) कागदी पट्टीवर ४ येईपर्यंत आम्ल थोडे-थोडे घातले. हातमोजे आणि चष्मा त्याने घरून आणले होते. “आम्लात पाणी ओतायचं नाही ताई, पाण्यात आम्ल ओतायचं. उलटं केलंस तर उसळून तोंडावर येतं.” दुसऱ्या दिवशी नळीचे टोक उघडे ठेवून पाणी सोडले, तेव्हा पहिली दोन मिनिटे दुधासारखे पाणी आले. तीन ड्रीपर सोडून सर्व चालू झाले. स्प्रिंकलरच्या झोनमध्ये मात्र आम्ल सोडले नाही, कारण व्हॉल्व्हमध्ये धातूची स्प्रिंग आणि दांडा आहे.

१२ एप्रिल

आता वेळापत्रक. ऊन चाळिशीकडे चालले आहे आणि गवताला रोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागेल असे मी धरले. रोज थोडे देण्याऐवजी एक दिवसाआड १० मिलिमीटर द्यायचे ठरवले, म्हणजे मुळे खाली उतरतात. त्याला सुमारे १५ मिनिटे लागतात. पण सलग १५ मिनिटे चालवले तर सहाव्या मिनिटापासून पाणी फाटकाकडे वाहू लागते. काळी माती तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी पिते आणि आपण तासाला ४२ च्या वेगाने ओततो. म्हणून प्रत्येक झोनला पाच मिनिटे, मग ४० मिनिटे विश्रांती, असे तीन वेळा. टायमरमध्ये एका कार्यक्रमाला तीन सुरुवातीच्या वेळा देता येतात: ४.००, ४.४५ आणि ५.३०. आता फाटकाबाहेर पाणी जात नाही. सकाळी लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत दाबला तर तो १२ ते १५ सेंटिमीटर सहज जातो. जेथे अडतो तेथे ओल पोचलेली नाही.

एका पाळीला दोन्ही झोन मिळून ११७० लिटर लागतात, म्हणजे दिवसाला सरासरी ५८५.

२७ एप्रिल

दुपारी एक वाजता स्प्रिंकलर आपोआप सुरू झाले. सकाळी वीज चार तास नव्हती आणि टायमरमधली ९ व्होल्टची बॅटरी सहा वर्षांत कोणी बदललेली नव्हती, त्यामुळे घड्याळ शून्यावर गेले. बॅटरी ५० रुपये. दर गुढीपाडव्याला बदलायची, असे वहीत लिहिले.

एक ताटाएवढा डाग अजून पिवळा आहे. तेथील डब्यात पाणी पुरेसे येते, पण स्क्रूड्रायव्हर ७ सेंटिमीटरवर टणकन अडतो. खणले तर बांधकामाच्या वेळचे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा सुकलेला गोळा निघाला, तीन घमेली भरून. माती आणि शेणखत भरून (२५० रुपये) कडेचे गवत तेथे लावले.

२२ मे

या वर्षी मे महिन्यातच अवकाळी पाऊस सुरू आहे. काल संध्याकाळी चांगला पाऊस झाला आणि आज पहाटे चार वाजता भिजलेल्या जमिनीवर स्प्रिंकलर ठरल्याप्रमाणे चालले. पावसाचा सेन्सर १६५० रुपयांना घेतला. त्यातल्या चकत्या पावसाने फुगतात, स्विच उघडतो आणि व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या सामाईक तारेतला प्रवाह तुटतो. चकत्या वाळल्या की यंत्रणा पुन्हा चालू होते. बसवताना एक खात्री करून घ्यावी: पंप चालू-बंद करणाऱ्या रिलेची तारही त्याच सामाईक तारेवर असली पाहिजे. माझ्याकडे ती वेगळी होती, त्यामुळे पहिल्या चाचणीत सेन्सरवर पाणी ओतताच व्हॉल्व्ह बंद झाले, पंप मात्र बंद पाइपवर दाब देत चालूच राहिला. दाबमापकाचा काटा वर जाताना दिसला म्हणून लगेच मुख्य स्विच बंद केला.

८ जून

पाऊसकाळ लागला. स्प्रिंकलरचे दोन्ही झोन टायमरवर बंद केले, फिल्टर उघडून धुतला आणि चेंबरमधली माती काढली. मापके काढून घरात ठेवली. एकूण खर्च ५,८९५ रुपये. त्यात चुकीच्या नोझलांचे ४४० आणि फुटलेल्या जोडामुळे पुन्हा आणलेल्या सामानाचे १४० रुपये टाळता आले असते. वेळेचा हिशेब केला तर साधारण अकरा सुट्ट्यांच्या सकाळी गेल्या, त्यांतल्या चार चुका निस्तरण्यात.

उरलेली कामे ऑक्टोबरसाठी: बाकीच्या चौदा स्प्रिंकलरखालचे कडक तुकडे एका वेळी दोन-दोन करून लवचीक नळीने बदलायचे, आणि खोलगट भागातल्या तिघांना झोन बंद झाल्यावर पाइपमध्ये उरलेले पाणी गळू न देणारे पॉप-अप बसवायचे. खुणांचा बांबू टाकीच्या झाकणाजवळ खिळ्याला टांगला आहे. माळीकाका आता दर पंधरवड्याला त्यावरचा आकडा वहीत लिहितात.